खचत्या काठावरची सुईण

सोइला मुरायारीला बसून राहायची सवय नव्हती. उकायाली नदीच्या काठावरच्या सान फिदेल गावात जेवढी म्हणून तरणी माणसं होती, त्यातल्या बहुतेकांच्या पाठीवर जगातली पहिली चापट तिच्याच हातची बसलेली. कुणा बाईचं पोट दुखायला लागलं की निरोप यायचा, आणि हातातलं काम तसंच टाकून सोइला निघायची. कधी गुडघाभर चिखलातून, कधी होडीतून. वय साठीला टेकलं होतं, पण चालणं असं की बरोबरच्या बायकांना धाप लागावी. "मावशी, पाठीमागे काय वाघ लागलाय का तुमच्या?" असं त्या विचारायच्या. लहानथोर सगळं गाव तिला मावशीच म्हणे.

तिचा पाय मोडला तो अगदी रोजच्या कामात. धुण्याची बुट्टी डोक्यावर घेऊन ती काठाच्या मातीत खोदलेल्या पायऱ्या उतरत होती. पाऊस नव्हता, पायरी ओली नव्हती. सोइलाने पाय ठेवला आणि ती पायरी पायाखालून निघून गेली. बुट्टी, धुणं, सोइला आणि गाडाभर माती, सगळं एकदमच खाली आलं. काडी मोडावी तसा आवाज तिला आपल्याच नडगीतून ऐकू आला.

पुढे जो कुणी भेटायला येई त्याला ती सांगे, "मी नाही गं पडले. पायरी पडली. मी आपली तिच्या सोबतीला गेले." लोक हसत. तीही हसे. पण तिचा नवरा नोल्बेर्तो त्या वेळी दाराकडे बघत राही.

नोल्बेर्तोने तिला पेकेपेकेत घातलं. फट-फट आवाज करत जाणारी लांब शेपटीच्या इंजिनाची ही होडी. तिच्यातून दिवसभराचा प्रवास करून तो तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर चढलं. येसेनिया नावाची नर्स होती, बोलायला फटकळ पण हाताने हलकी. ती म्हणाली, "हे बघा आजी, हाड त्याचं काम करील. त्याला घाई करता येत नाही. बाकीच्या अंगाचं काम तुम्ही करायचं. बोटं हलवायची, मांडी आवळायची-सोडायची, अख्खा पाय उचलून धरायचा. हात दणकट ठेवायचे, कुबड्यांना लागतील. फक्त मी सांगेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवलात तर हाड वाकडं जुळेल, मग मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"शिव्या मी मुलगा झाल्यावर बापाला देते," सोइला म्हणाली. "नर्सला नाही देत."

येसेनिया हसली. मग नोल्बेर्तोला बाजूला घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, त्यांचं मन आनंदी ठेवा. घरात वाईटसाईट काही सांगत बसू नका. मन खचलं की माणूस अंथरुणाला खिळतो. तुमच्या वयात मग ते अंथरूण सुटत नाही."

नोल्बेर्तो मुळातच कमी बोलणारा माणूस. त्याने हे वाक्य गाठोड्यात बांधल्यासारखं घरी आणलं आणि गावभर वाटून टाकलं.

घर नदीकडे तोंड करून होतं. इथली सगळी घरं असतात तसंच खांबांवर उभं, वर झावळ्यांचं छप्पर, खाली ताडाच्या खोडाच्या चिरफळ्यांची जमीन. चिरफळ्यांमध्ये बोटभर फटी. त्यातून खाली फिरणाऱ्या कोंबड्या दिसत. नोल्बेर्तोने नदीच्या बाजूची दोरीची झोळी सोडली आणि घराच्या मागच्या अंगाला, केळीच्या बागेकडे बांधली.

"इकडे कशाला?" सोइलाने विचारलं. "तिकडे वारा होता. येणारी-जाणारी होडी दिसायची."

"ऊन लागेल तुला."

"पन्नास वर्षं नदीवर उन्हात गेली, तेव्हा नाही दिसलं तुला ऊन?"

नोल्बेर्तोने गाठ घट्ट केली आणि मासे धुवायला गेला.

तर अशी सोइला बागेकडे तोंड करून पडली. पडली म्हणायचं, पण ती पडून राहिली नाही. तिने नवऱ्याकडून वरच्या तुळईला एक दोर बांधून घेतला. सकाळी उठली की तो दोर धरून ती स्वतःला वर खेचायची, सोडायची, पुन्हा खेचायची. प्लास्टरचा पाय उचलून धरायची आणि तोंडाने, घरं लागतील त्या क्रमाने, गावातल्या बायकांची नावं घ्यायची. एक नाव झालं की पाय खाली. आधी दोन-तीन नावांत दम संपे. मग एका आळीपर्यंत पोहोचली, मग दोन. "आज मी दुकानापर्यंत गेले," असं ती नोल्बेर्तोला संध्याकाळी सांगायची. पोटुशी बायका झोळीपाशी येऊन जमिनीवर आडव्या व्हायच्या आणि ती वरूनच वाकून त्यांची पोटं चाचपायची. बाकीचा वेळ टोपल्या विणणं, कसाव्याचे कंद सोलणं, जाळ्याची भोकं सांधणं. येणाऱ्याला रिकाम्या हाताने बसू देत नसे. "आलीच आहेस तर हे धर," म्हणून सोलायला काहीतरी पुढे करी.

आणि घर हसायचं. लोक तिच्याकडे यायचे ते जणू हसायलाच. तिला वाटायचं, माझ्या मोडक्या पायाने गावाला चांगलं काम दिलं.

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती दोराला लोंबकळलेली होती. नदीच्या वरच्या अंगाला, लांब, काहीतरी धप्पकन बसलं. तोफ फुटावी तसं, पण त्याला टोक नव्हतं. बोथट, ओला आवाज. मग थोड्या वेळाने काठावर लाटा आपटल्या आणि खाली बांधलेल्या होड्या एकमेकींना खटखटल्या.

"काय रे ते?"

"पलीकडचा काठ असेल," नोल्बेर्तो म्हणाला.

उकायाली अशी नदी आहे की ती एका जागी झोपत नाही. एका काठाची माती खाते आणि दुसऱ्या काठाला थुंकते. सोइलाच्या लहानपणी सान फिदेल दुसऱ्याच ठिकाणी होतं. ती जागा आता पाण्याखाली, तिच्यावरून होड्या जात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच पलीकडचा काठ म्हटल्यावर तिने मान डोलावली. पण लाटा यायला लागलेला वेळ तिच्या कानाने धरून ठेवला. नदी इथे रुंद. पलीकडून लाट इतक्या लवकर येत नाही.

तिने पाय उचलून धरला आणि नावं घ्यायला लागली.

त्यानंतर तो आवाज येत राहिला. कधी दिवसाआड, कधी दोनदा दिवसात. प्रत्येक वेळी घरात जो कुणी असे तो त्याच क्षणी मोठ्याने बोलायला लागे. शेजारची आदेल्फा, तिची जिवाभावाची मैत्रीण, तर एकदा मध्येच गाणंच म्हणायला लागली. आदेल्फाला सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

"काय गं, चढली का तुला?" सोइला म्हणाली.

"तुझ्यासाठी म्हणते. मन रमवायला."

"माझं मन रमलेलंच आहे. तुझं गाणं ऐकून उठून पळायला होईल, आणि पळता तर येत नाही."

दोघी हसल्या. आदेल्फाचं हसणं जरा लांबलं, मग तुटलं. तिने पदराने डोळे पुसावेत तसे झग्याच्या टोकाने पुसले.

"धूर गेला डोळ्यात," ती म्हणाली.

चूल विझलेली होती. सोइलाने चुलीकडे पाहिलं, आदेल्फाकडे पाहिलं, आणि विचारलं नाही. आदेल्फाने निघताना तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

"पुकाल्पाला गेलीय, लेकीकडे," नोल्बेर्तो म्हणाला.

"मला न सांगता?"

"घाईत गेली."

पडून असलेल्या माणसाचे कान वाढतात. सोइलाला आधी कळलं ते कोंबड्यांवरून. गावात पहाटे कोंबडे आरवायचे ते एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपायचे, जशी एखादी बातमी पसरावी. आता वरच्या टोकाचा आवाजच येईना. मग संध्याकाळचा फुटबॉल थांबला. पोरांची आरडाओरड नाही, शिव्या नाहीत. मग शाळेची घंटा. घंटा म्हणजे झाडाला टांगलेली एक लोखंडी धाव. तिच्यावर मास्तर सळई मारायचा. तीही बंद झाली.

"मास्तर पगाराला गेलाय," नोल्बेर्तो म्हणाला.

"आणि पोरं?"

"पोरं काय, हुंदडतात कुठेतरी."

"आवाज न करता हुंदडतात? चांगलं वळण लावलंय मास्तरने."

नोल्बेर्तोने तिच्यापुढे केळ्याच्या गोड पेजेचा वाडगा ठेवला. तिने तो वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि हसून म्हणाली, "आज मी कुठपर्यंत गेले सांगू? गावाच्या बाहेर. नावंच संपली." तिला वाटलं होतं तो खूष होईल. तो उठून बाहेर गेला.

आता सोइलाचं हसणं हे काम झालं. आधी ते आपोआप यायचं, आता ते रोज सकाळी दोर खेचल्यासारखं खेचून आणावं लागे. कारण तिला समजलं होतं, की हे सगळे आपल्याला जपताहेत, आणि जपताना स्वतः आतून पोखरले जाताहेत. आपण विचारलं तर नोल्बेर्तोला खोटं बोलावं लागेल. आणि खोटं बोलायची त्याला सवय नाही, त्याचं तोंड कोरडं पडतं. म्हणून ती विचारत नसे. ती हसे आणि व्यायाम वाढवी. झोपताना मांडी आवळून धरी, जागी झाली की आधी बोटं हलवी. बाहेर काय आहे ते माहीत नाही, पण जे आहे ते आल्यावर आपण झोळीत सापडायचं नाही, एवढं तिने मनाशी बांधलं.

कुबड्या नोल्बेर्तोनेच केल्या होत्या, जुन्या वल्ह्यांच्या. काखेत कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. घरातल्या घरात चालताना टोक फटीत जाऊ नये म्हणून त्याने चिरफळ्यांवर फळ्या टाकल्या, पण त्या मागच्या दारापासून चुलीपर्यंतच. पुढच्या दाराकडे एकही फळी नव्हती. पुढचं दार तो बंदच ठेवी.

एका सकाळी तो जाळं टाकायला गेल्यावर सोइलाने चुलीजवळची फळी कुबडीने ढकलत पुढे नेली. तिच्यावर उभी राहिली, मागची ओढली, पुढे टाकली. अशी ती पुढच्या दाराशी पोहोचली. घाम निथळत होता. तिने कडी काढली.

समोर अंगण हवं होतं, अंगणापुढे पायवाट, पायवाटेपुढे आंब्याचं झाड आणि मग काठ. आंबा नव्हता. पायवाट नव्हती. अंगण अर्ध्यात चाकूने कापल्यासारखं संपत होतं आणि त्यापुढे नुसती नदी होती, तांबडी, रुंद, शांत. इतकी जवळ की पाण्यावरून वाहत चाललेल्या ओंडक्यावरचा बगळा तिला डोळ्यात डोळे घालून बघतोय असं वाटलं.

ती तिथे थांबली नाही. शिडीवर बसली, आणि प्लास्टरचा पाय पुढे धरून ढुंगणावर एकेक पायरी उतरली. खाली कुबड्या घेतल्या आणि गावात निघाली.

आदेल्फाचं घर नव्हतं. पडलं नव्हतं, ते काढून नेलं होतं. खांबांची भोकं तेवढी जमिनीत राहिली होती, त्यात पाणी साचलेलं. त्यापुढचंही नव्हतं. शाळेच्या भिंतींच्या फळ्या गेलेल्या, लिहायच्या फळ्याचं काळं लाकूड तेवढं गवतात. वरच्या टोकाला चर्च होतं तिथे आता नदीचं वळण आलं होतं. स्मशान चर्चच्या मागे होतं. सोइलाची आई तिथे होती, आणि तिचं पहिलं मूलही, जे तिच्या स्वतःच्या हातात आलं पण रडलं नाही. स्मशानाच्या जागी उभी कापलेली दरड होती आणि दरडीच्या मधोमध एका शवपेटीचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं. कुणाची ते ओळखता येत नव्हतं.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी! अहो, तुम्ही खाली कशा आलात?"

लुस्मिला होती, दिवस भरत आलेली, हातात दोन कोंबड्या उलट्या धरलेल्या. तिचा नवरा गलबतावर कामाला गेलेला. तो आला की तेही निघणार होते. सोइलाच्या घराखेरीज मागे राहिलेलं तेवढं एकच घर तिचं.

"सगळे कुठे गेले गं?"

लुस्मिलाने आजूबाजूला बघितलं, जणू कुणी ऐकेल. "आत, तळ्याच्या पलीकडे. नवीन गाव मांडलंय तिथे. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलेलं मावशी. नर्सबाईंनी सांगितलं होतं ना. तुम्ही हसायचं सोडाल म्हणून..."

"आणि आम्ही का राहिलो?"

"काका म्हणाले, हिचा पाय बरा होऊ दे. तळ्याकडची वाट दलदलीची, ओढा ओंडक्यांनी तुंबलेला, झोळीत घालून न्यायचं तर हिसका बसेल, हाड सरकेल. सगळे त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, नदी थांबेल." तिने कोंबड्या छातीशी धरल्या. "मला भीती वाटते हो."

सोइलाने एक कुबडी काखेत दाबून मोकळ्या हाताने तिच्या पोटावर हात ठेवला. पोर खाली सरकलं होतं. "डोकं बरोबर बसलंय," ती म्हणाली. "नवऱ्याची वाट बघू नकोस. आजच निघ. तिथे बायका आहेत. मी येते मागून."

"तुम्ही कशा येणार?"

"आले ना इथवर?"

नोल्बेर्तो परत आला तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं आणि सोइला उंबऱ्यात बसून कसावा सोलत होती, नदीकडे तोंड करून. त्याच्या हातातली माशांची माळ खाली पडली.

"मासे उचल, कोंबड्या नेतील," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "माझी आई कधी गेली?"

तो तिच्याजवळ बसला. "पौर्णिमेच्या मागेपुढे. मी होतो तिथे. टोपी काढून उभा होतो."

"आणि पोर?"

त्याने, तेही गेलं, अशी मान हलवली. सोइलाने सुरी त्याच्यापुढे नाचवली. "म्हाताऱ्या, तुझ्या या नदीचं मला नवल नाही. ती खाणारच. पण तू मला हसवत ठेवलंस आणि स्वतः एकटा रोज हे बघत बसलास? एवढा कसला रे तू शहाणा?"

"तुझं मन खचलं असतं."

"मन खचत नाही. जमीन खचते. मनाला निदान सांगून तरी बघायचं." तिला हुंदका आला, तो तिने रागावण्यात बुडवला. "मी पण हसत होते ते तुझ्यासाठीच! दोघं मिळून एकमेकांना फसवलं, आणि नदी तिकडे आंबा खाऊन गेली."

ठरलं ते असं, की नोल्बेर्तोने दुसऱ्या दिवशी तळ्याकडे निरोप द्यायचा. माणसं येऊन घर उतरवतील, सोइलाला होडीने, ओंडके बाजूला काढत, तळ्यातून नदीला येणाऱ्या ओढ्यातून नेतील, वेळ लागला तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी नोल्बेर्तो उठलाच नाही. हिवताप. दात वाजत होते, अंग चुलीसारखं. निरोप न्यायला गावात कुणी उरलं नव्हतं. लुस्मिला आदल्या दिवशीच गेली होती. सोइलाने त्याला गोळ्या दिल्या, सालींचा कडू काढा पाजला, ओल्या फडक्याने अंग पुसलं. फळ्या ढकलत ढकलत तिने चूल आणि अंथरूण जोडलं.

"लुस्मिला सांगेल त्यांना," ती त्याला म्हणत होती. "उद्या येतील बघ." नदी गप्प होती. एवढी गप्प की तिला आवाज आला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या दुपारी, ऊन माथ्यावर असताना, नोल्बेर्तोला जरा डोळा लागला म्हणून सोइला जमिनीवर पालथी पडून पाय मागे उचलायचा व्यायाम करत होती. येसेनियाने दाखवलेला. गाल चिरफळीवर टेकलेला, एक डोळा फटीवर. खाली नेहमीची माती दिसत होती, कोंबड्यांनी उकरलेली. त्या मातीवर एक रेघ होती.

सकाळी ती नव्हती. केसासारखी बारीक, चुलीखालून निघून थेट मागच्या खांबांकडे गेलेली. सोइला बघत राहिली. बघता बघता रेघेच्या एका कडेची माती दुसरीपेक्षा खाली गेली, अगदी थोडी, जसा एखादा माणूस झोपेत कूस बदलतो. एक मुंगळा रेघेपाशी आला, थांबला, आणि परत फिरला.

ती ओरडली नाही. कोपरांवर सरकत अंथरुणापाशी गेली आणि मच्छरदाणी ओढून काढली.

"ऊठ."

नोल्बेर्तोने डोळे उघडले, पण त्यांत तो नव्हता. "आई, होडी बांधलीय मी," तो पुटपुटला.

"होडी गेली खड्ड्यात! ऊठ म्हाताऱ्या!" तिने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. मग कुबडी घेऊन त्याच्या मांडीवर हाणली. पुन्हा हाणली. आयुष्यात तिने त्याच्यावर हात टाकला नव्हता. तो उठून बसला, केविलवाणा, आणि म्हणाला, "का मारतेस?"

"चालायला येतंय म्हणून मारते. चल."

मागच्या दारातून, जिथे फळ्या होत्या तिथून, ती निघाली. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला तापाने डोलणारा नवरा. तो तिच्यावर रेलायचा आणि ती त्याच्यावर. दोघांत मिळून पाय तीन आणि शुद्ध एकाची. शिडीवर तिने त्याला आधी ढकललं. तो घरंगळत खाली गेला. ती ढुंगणावर उतरायला लागली, आणि मधल्या पायरीवर असताना शिडी तिरकी झाली. कुणी हात लावला नव्हता. घर कण्हलं. आधी एक खांब, मग सगळे.

तिने उडी मारली. दोन्ही पायांवर.

प्लास्टर फुटलं, आणि आत जे काही जुळत आलं होतं तेही हललं, हे तिला कळलं. दुखणं मात्र नंतर आलं. आधी तिने नोल्बेर्तोच्या सदऱ्याची कॉलर पकडली आणि केळीच्या बागेतून, चिखलातून, कोपरांवर त्याला ओढत नेलं. सकाळ-सकाळ दोर खेचून कमावलेले ते दंड. तोही लहान मुलासारखा रांगत होता. कुठेतरी त्यांच्या मागे तो बोथट, ओला आवाज झाला. या वेळी तो कानाने नाही, पोटाने ऐकू आला. जमीन खालून एकदा उचलल्यासारखी झाली. तिने मागे पाहिलं तेव्हा छप्पर तेवढं दिसत होतं. ते पाण्यावर टोपीसारखं तरंगत होतं. मग वळणापाशी ते फिरलं आणि दिसेनासं झालं.

तळ्याकडची माणसं आली ती त्याच संध्याकाळी. लुस्मिलाने सांगितलं होतं म्हणून आली. पुढे आदेल्फा होती. घराची जागा बघून ती गुडघ्यांवर बसली आणि छाती बडवायला लागली, आणि केळीच्या बुंध्याला टेकलेल्या सोइलाने तिला हाक मारली, "रडू नंतर गं, आधी याला पाणी पाज. आणि गाणं म्हणशील तर याद राख."

हाड वाकडं जुळलं. येसेनियाने पुन्हा प्लास्टर घातलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि सोइलाने तिला खरंच शिव्या दिल्या नाहीत. नवीन गावात लोकांनी त्यांना एक झोपडी उभी करून दिली. सोइलाने तिथेही तुळईला दोर बांधायला लावला. लुस्मिलाचं बाळंतपण तिने झोळीत बसून केलं. मुलगी झाली, चापट बसल्याबरोबर किंचाळली. पुढे प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो कुणा दुसऱ्याचा वाटावा असा होता, वाळका, पांढरट. त्या पायाला तिने चालायला शिकवलं. लंगडणं राहिलं. बायका अजून धापा टाकत, पण आता हसू आवरत.

एक नियम मात्र तिने घातला. तिच्यापासून काही लपवायचं नाही. नोल्बेर्तो अंगात जीव आल्यापासून रोज दलदल ओलांडून नदी बघायला जाई. तिथे काय करी ते तिने विचारलं नाही. परत आला की त्याने खरं ते सांगायचं, ती ऐकायची, आणि मग जेवायचं. बहुतेक वेळा तो म्हणे, "आहे तशीच आहे."

पावसाळा सरता सरता एकदा तो उशिरा आला. चिखलाने माखलेला, अंगणात उभा राहिला. सोइला पाय उचलून धरून होती. तोंडाने नावं चालली होती. नव्या गावातली, त्यात आता लुस्मिलाच्या पोरीचंही.

"सांग," ती म्हणाली.

"ओढ्याचं तोंड रुंद झालंय," तो म्हणाला. "नदीचं पाणी आत शिरतंय. तळ्याकडे."

तिने पाय लगेच खाली ठेवला नाही. तोंडातलं नाव पूर्ण केलं.

"भिंतीच्या फळ्या अजून ठोकल्या नाहीस ना?"

"नाही."

"मग नको ठोकूस. नुसत्या दोरीने बांध." तिने पाय खाली ठेवला, दुसरा उचलला. "आणि जा, आदेल्फाला सांग. लुस्मिलालाही. सगळ्यांना सांग, आत्ताच. जेवण थांबेल."

तो निघाला. सोइला कान देऊन ऐकत राहिली.